ट्यूनर घेताना आधी मागची पाटी वाचा

मागच्या अंकात जुने ॲम्प्लिफायर दुरुस्त करून वापरण्याबद्दल लिहिलं होतं, त्यावर पत्रं आली ती बहुतेक सगळी एकाच विषयावरची, की ॲम्प झाला, स्पीकर झाले, आता याला रेडिओ कुठला जोडू. म्हणजे ट्यूनर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ट्यूनर म्हणजे बिनस्पीकरचा आणि बिनॲम्पचा रेडिओ, नुसतं स्टेशन पकडतो आणि मागच्या दोन आरसीए पिनांतून आवाज ॲम्पकडे पाठवतो. नवीन आता फारसे मिळत नाहीत, मिळाले तर महाग, म्हणून सेकंडहँडच बघायचा. पत्रं थोडी कापून छापतोय, रागावू नका.

*

नमस्कार काका, बाबांचा पंचवीस वर्षं माळ्यावर पडलेला ॲम्प आणि स्पीकर दुरुस्त करून घेतले, आवाज एकदम भारी लागतोय. बाबांना सकाळी विविध भारती आणि बातम्या लागतात. जुन्या बाजारात एक चंदेरी, लाकडी पेटीतला, मोठ्या काचेच्या डायलचा ट्यूनर बघितला, विकणारा म्हणतो 'जपानी ओरिजिनल पीस आहे साहेब, असा परत मिळणार नाही'. दुसरा ऑनलाइन बघितलाय, काळा, चपटा, डिजिटल आकड्यांचा, मालक मस्कतला नोकरीला होता तेव्हा आणलेला. बजेट सहा-सात हजार. कुठला घेऊ?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

आधी मला एक सांगा, त्या चंदेरी ट्यूनरची मागची बाजू बघितलीत का? नसणार. कुणीच बघत नाही, सगळे डायलचा हिरवा उजेड बघून खलास होतात. मीही झालोय. खूप वर्षांपूर्वी असाच एक ट्यूनर घेतला, नाव सांगत नाही, दुकानाचंही सांगत नाही, दुकानदाराने तो टेबलाखालच्या कुठल्यातरी डब्याला जोडून दाखवला, दिवे लागले, काटा हलला, मी खूश. घरी आणून थेट भिंतीतल्या प्लगला लावला आणि दहा सेकंदांत तो ओळखीचा वास, वार्निश जळाल्याचा. मागे पाटीवर स्पष्ट लिहिलं होतं, १०० व्होल्ट. टेबलाखालचा डबा म्हणजे स्टेपडाउन, घरच्या विजेचे व्होल्ट उतरवून देणारा ट्रान्सफॉर्मर होता आणि ते मला कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. ट्रान्सफॉर्मर गेला. बायको अजून काढते तो विषय.

तर 'जपानी ओरिजिनल' हे शब्द ऐकले की खूश नाही व्हायचं, सावध व्हायचं. जपानमध्ये बनलेला आणि जपानसाठी बनलेला यात फरक आहे. जपानी कंपन्यांनी जगभरासाठी माल केला तो उत्तमच, पण जो जपानच्या घरगुती बाजारासाठी केला तो १०० व्होल्टचा असतो आणि त्याहून मोठी भानगड म्हणजे त्याचा एफएम बँड. आपल्याकडे एफएम ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ. जपानमध्ये ७६ ते ९०. त्याच्या वरची जागा त्यांच्या टीव्हीच्या पहिल्या तीन चॅनलना दिलेली होती, ती २०११ मध्ये जुना टीव्ही बंद झाल्यावर मोकळी झाली आणि मग त्यांनी एफएम ९५ पर्यंत वाढवला, पण तुमचा ट्यूनर त्याच्या कितीतरी आधीचा. आता पुण्याची स्टेशनं मोजा, ९१.१, ९३.५, ९४.३, ९८.३, आकाशवाणीचं विविध भारती १०१, विद्यापीठाचं विद्यावाणी १०७.४. नव्वदच्या खाली यातलं एक तरी आहे का? म्हणजे तो ट्यूनर घरी आणून, स्टेपडाउन लावून, एरियल लावून तुम्ही ऐकणार काय, तर खरखर. स्टिरिओ खरखर. रिपेअरवाला म्हणेल कॉइल बदलून बँड वर सरकवून देतो, काही लोक करतातही, पण मग सगळं अलाइनमेंट, म्हणजे आतल्या कॉइलींची जुळणी, नव्याने आणि डायलवरचे आकडे कायमचे खोटे, तुमच्या बजेटमध्ये तो उद्योग नको.

म्हणून बाजारात गेलात की पहिलं काम, ट्यूनर उलटा करा. पाटीवर २२०, २३०, २४० व्होल्ट असेल किंवा स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा व्होल्टेज सिलेक्टर असेल तर उत्तम. दुसरं काम, डायल वाचा, ८८ ते १०८ हवं. ही दोन कामं झाली की मग कंपनीचं नाव बघा. टेक्निक्स, पायोनिअर, केनवुड, सॅन्सुई, यामाहा, सोनी, अकाई, सगळ्यांनी चांगले केलेत आणि सगळ्यांनी स्वस्तातले ठीकठाकही केलेत, त्यामुळे नुसत्या नावाला भुलू नका.

तुमचा मस्कतवाला इथेच पुढे जातो. गल्फसाठी जो माल यायचा तो बहुतेक वेळा अनेक व्होल्टेजवर चालणारा असायचा, कारण त्या भागात एकाच प्रकारची वीज नव्हती, सौदीत कुठे १२७ होती कुठे २२०. बँड आपल्यासारखाच, मीडियम वेव्हच्या दोन स्टेशनांमधलं अंतर आपल्यासारखंच ९ किलोहर्ट्झ. ऐंशीच्या दशकात कोकणातली, केरळातली माणसं सुट्टीला येताना जे खोके घेऊन आली ना, ते आपल्यासाठी आजही सगळ्यात बिनकटकटीचे. मात्र फोनवर फोटो मागवा, पुढचा नको, मागचा.

आता बघायला जाताना काय न्यायचं ते सांगतो. ट्यूनरला स्पीकर नसतो हे विकणारा विसरतो, तुम्हीही विसरता, आणि मग 'चालू आहे बघा, लाइट लागली' एवढ्यावर सौदा होतो. एक छोटा पॉवर्ड स्पीकर, आरसीए टू साडेतीन एमएमची वायर आणि दीड मीटर साधी वायर एरियल म्हणून, एवढं पिशवीत टाका. चालू करा आणि निदान अर्धा तास चालू ठेवा. गप्पा मारा, चहा प्या, पण बंद करू देऊ नका. जुना ट्यूनर गार असताना एक वागतो आणि तापल्यावर दुसरं. सुरुवातीला ९८.३ स्वच्छ लागलं आणि वीस मिनिटांनी 'स', 'श' फाटायला लागले, नॉब थोडा हलवल्यावर परत नीट झाले, तर तो सरकतोय, म्हणजे ड्रिफ्ट आहे. थोडा असेल तर चालतो, दर दहा मिनिटांनी उठावं लागत असेल तर नको.

जुन्या ट्यूनरवर दोन काटे असतात, एक सिग्नल किती येतोय ते दाखवतो, दुसरा मधोमध आला की स्टेशन बरोब्बर पकडलं. काटा मधोमध असताना आवाज सगळ्यात स्वच्छ पाहिजे. काटा मध्ये आणि आवाज फाटका, काटा बाजूला आणि आवाज छान, असं असेल तर आतलं अलाइनमेंट गेलंय. ते आपोआप जातं किंवा कुणीतरी घालवतं. घालवणारे जास्त. झाकण उघडू दिलं तर आत बघा, ते छोटे पत्र्याचे चौकोनी डबे असतात ना, आयएफटी, म्हणजे जुळणीच्या कॉइलींचे डबे, त्यांच्या वरच्या भोकातून आतला कोअर, म्हणजे स्क्रूसारखा फिरणारा गाभा, दिसतो. कोअरची खाच तुटलेली, कडा खाल्लेल्या दिसल्या की समजायचं आधीच्या कुणीतरी साध्या स्क्रूड्रायव्हरने 'जरा आवाज वाढवतो' म्हणून सगळे फिरवून ठेवलेत. असा पीस मी फुकट पण घेत नाही.

नॉब झटक्यात फिरवून सोडा. चांगल्या ट्यूनरच्या नॉबमागे जड चाक असतं, काटा डायलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तरंगत जातो, ते बघूनच निम्मे लोक पैसे काढतात आणि त्यात काही चूक नाही. फिरवताना खर्र खर्र आवाज आला तर गँगमध्ये, म्हणजे नॉबबरोबर फिरणाऱ्या पत्र्यांच्या कंडेन्सरमध्ये धूळ, साफ होते. डायलवरचा ९८ आणि खरा ९८ यात थोडाफार फरक असेल तर काटा दोरीवर सरकलाय, किरकोळ काम. सगळ्या डायलवर वेगवेगळा फरक असेल तर किरकोळ नाही. स्टिरिओचा लाल दिवा लागायलाच हवा, लागत नसेल तर डावा-उजवा आवाज वेगळा करणाऱ्या डीकोडरचा आयसी किंवा त्याच्या आसपासचं काहीतरी गेलंय. मागे खालच्या सुरात घूं असा आवाज असेल तर फिल्टरचे कंडेन्सर सुकलेत, स्वस्तात बदलतात, पण किंमत पाडायला ते कारण वापरा. डायलचा बल्ब गेलेला असेल तर आनंदच माना, विकणाऱ्याला वाटतं सेट डेड आहे.

सगळं चालू, दिवे लागतायत, काटा मध्ये येतो, पण सिग्नलचा काटा कुठल्याच स्टेशनला वर जात नाही आणि सगळीकडे सूं, तर तो बहिरा झालाय. कधीकाळी वळवाच्या पावसात वीज जवळपास पडली आणि एरियलमधून पुढचा ट्रान्झिस्टर गेला, असं बरेचदा असतं. तो पार्ट मिळतोच असं नाही. सोडा.

आकड्यांबद्दल थोडं, कारण ऑनलाइन वाचून तुम्ही मला विचारणारच. सेन्सिटिव्हिटी १.७ का २ मायक्रोव्होल्ट याच्यावर लोक भांडतात, शहरात त्याला काही अर्थ नाही, तुमच्या कोथरूडच्या गच्चीत त्याच्या शेकडो पट सिग्नल येतोय. सिलेक्टिव्हिटी म्हणजे शेजारचं स्टेशन किती लांब ठेवतो ते, आपल्याकडे एकाच गावातली स्टेशनं ९३.५, ९४.३ अशी पाऊण-एक मेगाहर्ट्झ अंतरावर असतात, त्यामुळे इथेही साधा ट्यूनर पास होतो. खरी परीक्षा कॅप्चर रेशोची. शहरात तोच सिग्नल समोरच्या टॉवरवर, मागच्या टेकडीवर आपटून थोडा उशिरा परत येतो, दोन्ही एकत्र आले की गाण्याच्या वरच्या सुरात एक घाण वाळूसारखी किरकिर येते. चांगला ट्यूनर त्यातला जोरदार तेवढा धरतो आणि दुसरा टाकून देतो. हा आकडा डेसिबलमध्ये असतो आणि जितका लहान तितका चांगला, १ ते दीडच्या आसपास असेल तर डोळे झाकून घ्या.

शेवटचं, कुठला. बाबांना १०१ आणि सकाळच्या बातम्या एवढंच हवं असेल तर मस्कतवाला काळा, एक नंबरच्या बटणावर विविध भारती बसवून द्या, त्यांना चष्मा लावून काटा बघत बसायला लावू नका. फक्त घेताना एक चाचणी, दोन-तीन स्टेशनं मेमरीत टाका, प्लग काढा, पाच मिनिटांनी लावा. विसरला तर आतली मेमरीची बॅटरी किंवा तो छोटा कपॅसिटर गेलाय, बदलता येतो. आणि तो चंदेरी, त्याची मागची पाटी २२० म्हणाली आणि डायल १०८ पर्यंत गेला तर, तर मला पण कळवा.

*

काका, मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो. इथे थ्रिफ्ट स्टोअरमध्ये, गॅरेज सेलमध्ये जुने ट्यूनर वीस-तीस डॉलरला पडलेले असतात. डिसेंबरमध्ये नागपूरला येणार आहे, सासऱ्यांसाठी एक आणला तर चालेल का?
— एक वाचक, एडिसन

चालेल, पण मॉडेल बघून आणा. अमेरिकेचा बँड आपल्यासारखाच, ८८ ते १०८, तिथे अडचण नाही. अडचणी तीन.

पहिली वीज, १२० व्होल्ट. इथे मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा कुठल्याही मोठ्या इलेक्ट्रिकलच्या दुकानात २३० ते ११० चा स्टेपडाउन मिळतो, ट्यूनर जेमतेम दहा-वीस वॉट खातो तेव्हा १०० व्हीएचा छोटा पुरे, हजार वॉटचा धोंडा घेऊ नका. आणि ट्यूनरच्या पिनेला लाल चिकटपट्टी लावून ११० लिहून ठेवा, कारण घरात झाडू मारताना कुणीतरी ती पिन काढतं आणि भिंतीत लावतं. माझ्याकडे असे आलेत दुरुस्तीला. दोन आलेत.

दुसरी अडचण फक्त डिजिटलमध्ये. अमेरिकेत एफएमची स्टेशनं सगळी विषम आकड्यावर, ८८.१, ८८.३, ८८.५, म्हणून त्यांचे बरेच डिजिटल ट्यूनर २०० किलोहर्ट्झच्या उड्या मारतात. आपल्याकडची ९१.१, ९३.५ नशिबाने विषमच आहेत, ती लागतील, पण १०१.० सारखं स्टेशन लागणार नाही, तो १००.९ वर थांबेल किंवा १०१.१ वर, मधे नाही. मीडियम वेव्हला अजून गंमत, तिथे १० किलोहर्ट्झची उडी आणि आपल्याकडे ९ ची. पुण्याचं ७९२ हे ७९० वर जेमतेम ऐकू येतं, पण नागपूरचं ५८५? तो ५८० देईल किंवा ५९०, दोन्हीकडून पाच किलोहर्ट्झ लांब, सासरेबुवा काय ऐकणार. काही मॉडेलना मागे छोटा सरकता खटका असतो, ९ आणि १० लिहिलेला, किंवा ५०, १००, २०० लिहिलेला, तो असेल तरच डिजिटल घ्या. नाहीतर सरळ काट्याचा ॲनालॉग घ्या, त्याला अमेरिका काय आणि नागपूर काय, नॉब जिथे थांबवाल तिथे थांबतो.

तिसरी अडचण ऐकू येते पण पटकन कळत नाही. स्टेशन एफएम पाठवताना वरचे सूर मुद्दाम वाढवून पाठवतं आणि ट्यूनर ते तितकेच कमी करतो, म्हणजे मधली सूंसूं पण कमी होते. किती कमी करायचं त्याचं माप अमेरिकेत ७५ मायक्रोसेकंद आणि आपल्याकडे ५०. अमेरिकन ट्यूनर इथे लावला की तो जरुरीपेक्षा जास्त कमी करतो, १० किलोहर्ट्झला हिशोब केला तर तीनेक डेसिबल कमी. तबल्याची किनार, घुंगरू, सगळं चादरीखालून आल्यासारखं. ॲम्पचा ट्रेबल थोडा वाढवला की बरंचसं भागतं, पण कायमचा इलाज म्हणजे आतले दोनच कंडेन्सर, डावीकडचा आणि उजवीकडचा, आहे त्याच्या दोन तृतीयांश क्षमतेचे टाकायचे. .०१५ मायक्रोफॅरड असेल तर .०१. बरा मेकॅनिक अर्ध्या तासात करतो आणि सोबत अर्धा तास गप्पा मारतो.

बॅगेत ठेवताना आतला ट्रान्सफॉर्मर एका कोपऱ्यात असतो, जड, तो कोपरा खाली येईल असा ठेवा आणि काचेच्या डायलवर स्वेटर. नागपूरला डिसेंबरात स्वेटर लागतोच.

*

माझं गाव संगमेश्वर तालुक्यात, चारी बाजूंनी डोंगर. जुना स्टिरिओ ट्यूनर आहे, चांगला आहे असं सगळे म्हणतात, पण सतत सूं असा आवाज. मोठा महागडा घेतला तर जाईल का?
— एक वाचक, जि. रत्नागिरी

नाही जाणार. तुमच्या ट्यूनरला मी न बघता निर्दोष ठरवतो. पैसे ट्यूनरवर नका घालू, छपरावर घाला.

पण त्याच्याही आधी फुकटचा इलाज. पुढे मोनोचं बटण असेल, दाबा. सूं गायब होईल किंवा पार कमी होईल. स्टिरिओतला डावा-उजवा फरक वरच्या ३८ किलोहर्ट्झच्या आसपास बसवलेला असतो, तिथली सगळी सूंसूं पण बरोबर खाली येते, त्यामुळे तितकाच स्वच्छ आवाज यायला स्टिरिओला मोनोपेक्षा कितीतरी जास्त सिग्नल लागतो. बातम्या, नाट्यसंगीत, शेतीचे कार्यक्रम, कशाला हवाय स्टिरिओ.

आता एरियल. घरीच करा. टीव्हीची गोल ७५ ओहमची कोॲक्स वायर घ्या, टोकाला आतली तार आणि बाहेरची जाळी वेगळी करा. दोन ॲल्युमिनियमचे पाइप किंवा जाड तांब्याच्या तारा, प्रत्येकी ७३ सेंटीमीटर. एकाला आतली तार, दुसऱ्याला जाळी, दोन्ही एका रेषेत आडव्या, मधे बोटभर फट, लाकडी किंवा पीव्हीसीच्या पट्टीवर बसवा. ७३ कुठून आलं तर १४३ ला ९८ ने भागलं, दीड मीटरच्या जरा आत येतं, त्याचे दोन भाग. बँडच्या मधोमध बसतं म्हणून ९८. सांध्याला एम-सील फासा, नाहीतर कोकणातला पहिला पाऊस तांब्याला हिरवं करतो. ज्या दिशेला स्टेशन तिकडे पाइपांची बाजू करा, टोक नाही. बांबूवर चढवा, आणि एक माणूस छपरावर आणि एक घरात सिग्नलच्या काट्यासमोर, 'आता?', 'नाय, मागे घे', 'आता?', असं करत फिरवा, दूरदर्शनच्या काळात सगळ्यांनीच केलंय हे. तुमच्या ट्यूनरला मागे गोल सॉकेट नसून दोन स्क्रू असतील आणि ३०० ओहम लिहिलं असेल तर मधे ७५ आणि ३०० ची जुळणी करणारा बलून नावाचा छोटा डबा लागतो, टीव्हीवाल्याकडे जुना पडलेला असतो.

बूस्टर लगेच घेऊ नका, तो सिग्नलबरोबर कचरा पण वाढवतो. आणि वैशाखात ढग काळे झाले की एरियलची पिन ट्यूनरमधून काढून खिडकीबाहेर लोंबकळत ठेवायची. वर लिहिलंय ना बहिऱ्या ट्यूनरचं, ते यातूनच होतात.

*

अकराव्या मजल्यावर राहतो. एकच स्टेशन डायलवर चार ठिकाणी लागतं, आणि मीडियम वेव्ह लावलं की नुसती घरघर. ट्यूनर बदलू का?
— ठाण्याहून

दोन वेगळे आजार. पहिला म्हणजे सिग्नल कमी नाही, फार जास्त आहे, जवळच्या टॉवरने ट्यूनरचं तोंड भरून टाकलंय. मागे किंवा पुढे लोकल आणि डीएक्स, म्हणजे जवळचं आणि लांबचं, असा खटका असला तर लोकलवर करा, नसला तर ती लांब एरियल काढा आणि वीतभर वायर लावा. संगमेश्वरचे वाचक हे वाचून हळहळतील.

दुसरा आजार घरातलाच. सगळ्या खोल्यांतले एलईडी बल्ब, चार्जर, वायफायचा डबा एकेक करून बंद करत जा, एकाला बंद केलं की घरघर थांबेल, तो चोर. माझ्याकडे देवघरातल्या झिरोच्या एलईडी बल्बने आठवडा घालवला होता. ट्यूनरच्या मागची काळी दांडी, ती मीडियम वेव्हची एरियल आहे, बाहेर ओढून आडवी फिरवून बघा, एका कोनात घरघर कमी होते. इथे पैसे खर्च करू नका, फिरवा.

*

मोबाइलवर आकाशवाणीचं ॲप आहे, सगळी स्टेशनं फुकट, मग ट्यूनर कशाला?
— नाव लिहिलेलं नाही

नका घेऊ. फक्त एकदा दोन्ही शेजारी लावून तासाच्या ठोक्याला वेळेचे बीप ऐका आणि घड्याळ बघा, ॲपवरचे बीप मागाहून येतात, कधी अर्ध्या मिनिटाने. माझ्या मित्राच्या घरी क्रिकेटची कॉमेंटरी मोबाइलवर आणि शेजारी रेडिओवर, भिंतीपलीकडे आरडाओरडा झाला की यांना कळायचं विकेट पडणार आहे. त्याने शेवटी ट्यूनर घेतला तो आवाजासाठी नाही, शेजाऱ्याच्या बरोबरीने ओरडता यावं म्हणून.

*

नॉब फिरतो, काटा हलत नाही. मेकॅनिक म्हणतो आतली दोरी तुटली, नवीन मिळत नाही, सेट टाकून द्या.
— एक वाचक, मिरज

टाकून देऊ नका, मेकॅनिक टाकून द्या. डायल दोरी म्हणजे विणलेला बारीक नायलॉनचा दोरा, बुधवार पेठेत तापकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडला जुन्या रेडिओच्या पार्टवाल्याकडे विचारा. मासेमारीची प्लास्टिकची तार वापरू नका, ताणते आणि घसरते. आधी मोबाइलवर फोटो काढा, चारी बाजूंनी, दोरी तुटली असली तरी चाकांवरच्या खुणांवरून कळतं ती कुठून कुठे जात होती. गँगच्या मोठ्या चाकाला एक स्प्रिंग असते, दोरीचं एक टोक तिथून सुरू होतं आणि दुसरं तिथेच संपतं, नॉबच्या दांड्यावर अडीच-तीन वेढे, कमी घातले तर नॉब नुसता गरगर फिरेल, जास्त घातले तर एकावर एक चढतील. शेवटची गाठ मारताना स्प्रिंग थोडी ताणलेली पाहिजे आणि हे करायला तीन हात लागतात, म्हणून घरातल्या कुणाला तरी बोलवा. काटा दोरीवर सगळ्यात शेवटी बसवायचा, ट्यूनर चालू करून, माहितीतलं एक स्टेशन लावून, मग काटा त्या आकड्यावर सरकवायचा आणि नेलपॉलिशचा एक थेंब.